प्रीमियर पद्मिनीच्या रेडिएटरची नवी जाळी: पुण्यातील एका कारखान्याच्या कामाचे परीक्षण

प्रीमियर पद्मिनी बाळगणाऱ्या माणसाला रस्त्यात भेटणारा प्रत्येक दुसरा माणूस विचारतो, की गाडी घाटात तापत नाही का. जुनी गाडी म्हटली की ती तापणारच, पाण्याचा कॅन डिकीत ठेवायचा, चढणीवर थांबायचे, बॉनेट उघडून वाट पाहायची, हे सारे तिच्या वयाबरोबर आलेच, अशी समजूत या प्रश्नामागे असते. ही समजूत मला साफ चुकीची वाटते. १०८९ सीसीचे हे इंजिन मूळ फियाटचे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून ११०० डिलाइट, पुढे प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने ही गाडी विकली. हीच गाडी मुंबईत टॅक्सी म्हणून अनेक दशके धावली आणि शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी आपली वीस वर्षांची मुदत संपवून ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून बाहेर पडली. मे महिन्यात दादरच्या सिग्नलला तासन्‌तास रेंगाळणाऱ्या गाडीची थंड राहण्याची व्यवस्था मुळातच अपुरी असती, तर टॅक्सीवाल्यांनी ती इतकी वर्षे पोसली नसती. तेव्हा आपली पद्मिनी तापत असेल, तर तिच्यात मूळचे काहीतरी हरवले आहे असे समजावे आणि ते शोधून परत आणावे. नवे काही जोडण्याचा विचार त्यानंतर करावा.

बहुतेक गाड्यांत हे हरवलेले काहीतरी म्हणजे रेडिएटरची जाळी, म्हणजे गरम पाणी वाहून नेणाऱ्या चपट्या नळ्या आणि त्यांच्यामधले पातळ पत्रे, असते. माझ्या गाडीच्या रेडिएटरची जाळी मी पुण्यात नाना पेठेच्या परिसरातील एका छोट्या कारखान्यात नुकतीच बदलून घेतली आणि हे परीक्षण त्या कामाचे आहे. कारखान्याचे नाव येथे देत नाही. असे काम करणारे कारागीर मोठ्या शहरांच्या जुन्या पेठांत अजून टिकून आहेत, आणि वाचकाला आपल्या गावातला चांगला कारागीर कामावरून ओळखता यावा, हा या लेखनाचा हेतू आहे.

गाडीचे लक्षण असे होते. सपाट रस्त्यावर ताशी पन्नासच्या वेगाने गाडी निवांत चाले, पण वाईहून पाचगणीला जाणाऱ्या पसरणी घाटात दुसऱ्या गिअरवर चढू लागली, की डॅशबोर्डखाली मी वेगळा बसवून घेतलेल्या तापमापकाचा काटा निम्म्या घाटातच शंभराला टेकत असे. हे लक्षण बरेच काही सांगते. गाडी फक्त रहदारीत, उभ्याउभ्या तापत असेल आणि चालू लागताच काटा खाली येत असेल, तर दोष बहुधा हवेचा असतो. म्हणजे पंखा, पट्टा किंवा पंख्याभोवतीचे कडे पाहावे. याउलट चढणीवर किंवा वेगात, इंजिनावर भार असताना ती तापत असेल, तर पाणी पुरेसे फिरत नाही किंवा फिरलेल्या पाण्यातली उष्णता जाळीतून बाहेर पडत नाही. पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने तिसरा हिस्सा पाण्यात उतरतो. घाटात इंजिन पूर्ण ताकद लावत असते तेव्हा हा हिस्सा सपाटीवरच्या कित्येक पट होतो, आणि निम्म्या नळ्या बुजलेली जाळी सपाटीवर कशीबशी निभावून नेते ती नेमकी येथे उघडी पडते.

कारखान्याबद्दल सर्वांत आधी सांगण्यासारखी गोष्ट ही, की मिस्त्रींनी रेडिएटर उतरवण्याची घाई केली नाही. गाडी रात्रभर थंड झालेली असताना सकाळी आणा, असे त्यांनी फोनवर सांगितले होते. त्याचे कारण तेथे गेल्यावर कळले. रेडिएटरची कॅप काढून, पाणी गळ्यापर्यंत भरून त्यांनी इंजिन सुरू केले आणि पाण्याच्या पृष्ठभागाकडे टक लावून पाहत राहिले. थंड इंजिनातही बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधले पॅकिंग, फुटून सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतो आहे असे समजायचे, आणि मग रेडिएटरवर खर्च करून काहीही उपयोग नाही. “आधी गॅस येतो का ते बघू, साहेब. गॅस येत असेल तर तुमचे काम माझ्याकडे नाही, हेडवाल्याकडे आहे,” असे ते म्हणाले. स्वतःचे गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवण्याची तयारी असलेला कारागीर मला विश्वासाचा वाटतो. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचे आहे. अॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे एकदा जबरदस्त तापलेल्या गाडीचे हेड वाकडे होण्याची शक्यता असते. म्हणूनच ही तपासणी पहिली व्हायला हवी. सुदैवाने बुडबुडे आले नाहीत.

त्यानंतर इंजिन गरम करून त्यांनी इन्फ्रारेड तापमापक जाळीच्या तोंडावरून आडवा-उभा फिरवला. निरोगी जाळीत पाणी जिथून आत येते तिथून जिथून बाहेर पडते तिथपर्यंत तापमान हळूहळू उतरत जाते. माझ्या जाळीत डाव्या बाजूचा हातभर उंचीचा पट्टा आजूबाजूपेक्षा ठळकपणे थंड लागत होता. जाळी थंड लागणे ही ऐकायला चांगली गोष्ट वाटते, पण थंड पट्टा म्हणजे तेथे गरम पाणी पोहोचतच नाही, त्या नळ्या बंद आहेत. हे उपकरण आता सहज मिळते आणि जुनी गाडी ठेवणाऱ्याने ते घरी बाळगावे, असे मी आग्रहाने सांगेन. मात्र चकचकीत धातूवर त्याचे वाचन फसवे येते, काळ्या रंगाच्या पृष्ठभागावर ते भरवशाचे असते, एवढे ध्यानात ठेवावे.

रेडिएटर उतरवल्यावर वरची पितळी टाकी डाख (सोल्डर) वितळवून वेगळी केली आणि आतले दृश्य समोर आले. नळ्यांच्या चपट्या तोंडांवर गेरूच्या रंगाचा गाळ बसला होता आणि त्याखाली पांढरट क्षारांचा कडक थर होता. गेरू ब्लॉकच्या गंजाचा आणि पांढरा थर बोअरवेलच्या जड पाण्याचा, असे मिस्त्रींनी बोटाने खरवडून दाखवले. आधीच्या मालकांनी वर्षानुवर्षे मिळेल ते पाणी ओतल्याचा हा सरळ परिणाम होता. येथे दोन पर्याय असतात. एक रॉडिंगचा, म्हणजे प्रत्येक नळीतून पातळ चपटी पट्टी फिरवून ती मोकळी करायची आणि टाकी परत डाखायची. हा स्वस्त मार्ग आहे आणि जाळी बाहेरून धड असेल तर तो जरूर निवडावा. दुसरा जाळीच नवी घालण्याचा. कोणता मार्ग घ्यायचा, हे त्यांनी एका साध्या कृतीने ठरवले. दोन नळ्यांमधल्या पातळ तांब्याच्या पत्र्यांवरून त्यांनी अंगठा हलकेच फिरवला, तसा पत्र्याचा हिरवट भुगा खाली पडला. “नळ्या मोकळ्या करून देईन, पण जाळी मेली आहे,” असे ते म्हणाले. पत्रे नळ्यांपासून सुटले, की नळीतली उष्णता हवेत जाण्याचा रस्ताच तुटतो. मग नळी आतून कितीही स्वच्छ केली तरी काम होत नाही.

नवी जाळी तांब्या-पितळेचीच घालायची, या माझ्या आग्रहाला त्यांनी लगेच होकार दिला. हल्ली अनेक जण अॅल्युमिनियमचा सरसकट बसणारा तयार रेडिएटर सुचवतात. तो हलका असतो, त्याच्या रुंद नळ्यांतून उष्णता चांगली जाते आणि कागदावर तो वरचढही दिसतो. पण पद्मिनीच्या मूळ बोल्टांवर तो बसत नाही, त्यासाठी पुढच्या पत्र्याला भोके पाडावी लागतात, आणि प्रवासात कुठे चिरला तर त्याला टिग वेल्डिंग करणारा माणूस शोधत फिरावे लागते. तांब्या-पितळेच्या रेडिएटरला तालुक्याच्या गावी कोणीही जाणकार डाख देऊन अर्ध्या तासात दुरुस्त करून देतो. शिवाय गाडीची पुढची बाजू मूळ स्वरूपात राहते. शर्यतीसाठी इंजिन वाढवलेले असेल तर अॅल्युमिनियमचा विचार करावा. एरवी चाळीसेक अश्वशक्तीच्या इंजिनाला तो लागत नाही.

मूळ टाक्या, बाजूच्या पट्ट्या आणि पाय तेच ठेवून नवी जाळी त्यांच्यात डाखली गेली. डाखाचे काम पाहण्यासारखे होते. कडेला ओघळ नाहीत, गोळे नाहीत, टाकीच्या सांध्यावर सर्वत्र सारख्या जाडीची चकचकीत रेघ. त्यानंतर दोन्ही तोंडे बंद करून, आत हवा भरून रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवून ठेवला. एका सांध्यातून सुईच्या टोकाएवढे बुडबुडे येत होते. ते त्यांनी स्वतःच दाखवले, पुन्हा डाख दिला आणि पुन्हा बुडवला. हौदातली चाचणी गिऱ्हाइकासमोर करण्याची पद्धत मला या कारखान्याची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटली. चाचणीचा दाब कॅपवर लिहिलेल्या दाबापेक्षा थोडा अधिक असावा लागतो, तोही त्यांनी मापकावर दाखवला.

कॅपबद्दल येथेच सांगतो, कारण ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू आहे. पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळते, आणि कॅपच्या दाबाच्या (चौरस इंचामागे) प्रत्येक पौंडामागे हा बिंदू सुमारे दीड अंशाने वर सरकतो. पाचगणीच्या, म्हणजे सुमारे १३०० मीटरच्या उंचीवर उघडे पाणी ९६ अंशांच्या आतबाहेर उकळू लागते. म्हणजे कॅपची स्प्रिंग ढिली किंवा रबर कडक झालेले असेल, तर घाटमाथ्यावर आपण चार अंशांची सवलत आधीच गमावलेली असते. पण म्हणून अधिक दाबाची कॅप लावणे हाही उपाय नाही. त्याने उकळण्याचा बिंदू वाढतो, इंजिनाची उष्णता कमी होत नाही, आणि जुने होज व हीटरच्या नळ्या मात्र फुटतात. मूळ जितक्या दाबाची कॅप होती तितक्याच दाबाची नवी लावावी.

आता या कारखान्याच्या उणिवा. पहिली उणीव थर्मोस्टॅटची, म्हणजे इंजिन पुरेसे गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेची. परत जोडणी करताना मदतनीस मुलाने थर्मोस्टॅट बाजूला काढून ठेवला आणि “आपल्या हवेत हा लागत नाही” असे सांगितले. हे वाक्य आपल्याकडे इतक्या गॅरेजांत ऐकू येते, की त्याला सविस्तर उत्तर देणे भाग आहे. थर्मोस्टॅट अडकून बंद राहिला तर गाडी तापते, हे खरे. पण त्यावरचा उपाय नवा थर्मोस्टॅट हाच आहे आणि तो उकळत्या पाण्याच्या भांड्यात धाग्याला टांगून, उघडतो का ते पाहून मगच बसवावा. तो काढून टाकला तर सकाळी इंजिन फार वेळ थंड राहते, हवा-पेट्रोलचे मिश्रण जाड, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, जळते, न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरते आणि सिलिंडरची झीज वाढते. त्याहून कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी, की थर्मोस्टॅटमुळे पाण्याच्या वाटेत जो अडथळा असतो, त्याने ब्लॉक आणि हेडमधल्या पाण्यावर पंपाचा दाब टिकून राहतो. एक्झॉस्ट वॉल्व्हच्या भोवतालच्या अतिगरम जागी वाफेचे बुडबुडे धरण्याला हा दाब आळा घालतो. थर्मोस्टॅट नसेल तर पाणी इतक्या वेगाने पळते की रेडिएटरमध्ये थंड व्हायला त्याला वेळच मिळत नाही, असेही काही जण सांगतात. ते मात्र खरे नाही. पाणी जितके जोरात फिरेल तितकी जास्त उष्णता जाळीतून बाहेर जाते. मी थर्मोस्टॅट परत बसवून घेतला. मिस्त्रींनी वाद घातला नाही, पण हा आग्रह त्यांच्या बाजूने यायला हवा होता.

दुसरी उणीव रंगाची. तयार रेडिएटरवर त्यांनी काळ्या ऑइलपेंटचा असा जाड हात मारला होता, की पत्र्यांच्या कडा एकमेकांना चिकटल्या होत्या. जाळीवर काळा रंग हवा, पण तो अगदी पातळ, फवाऱ्याचा, केवळ गंज थांबवण्यापुरता असावा. जाड थर उष्णता अडवतो आणि हवेची वाटही चिंचोळी करतो. हा रंग काढून पातळ हात मारायला लावल्याने काम लांबले. आपण आधीच सांगून ठेवावे, की टाक्यांना हवा तेवढा रंग द्या, जाळीला फक्त फुंकर द्या.

तिसरी उणीव अधिक गंभीर आहे आणि ती एकट्या या कारखान्याची नाही. रेडिएटर नवा करून दिला, पण तो पुन्हा बुजू नये म्हणून ब्लॉक धुवून घ्यावा, असे कोणी सुचवले नाही. ब्लॉकच्या तळाशी, विशेषतः मागच्या सिलिंडरभोवती, बसलेला गंजाचा गाळ तसाच राहिला, तर तो थोड्याच काळात नव्या जाळीच्या तोंडाशी येऊन बसतो. मी दुसरीकडे ब्लॉकचा ड्रेन प्लग उघडून, तारेने खरवडून, पाणी स्वच्छ येईपर्यंत उलट दिशेने धुवून घेतला आणि वरच्या होजमध्ये काही काळासाठी बारीक जाळीची पिशवी बसवली. त्या पिशवीत जमलेला गेरूचा चिखल पाहिल्यावर हे धुणे टाळता येण्यासारखे नव्हते, याची खात्री पटली.

पाण्याऐवजी काय भरायचे, याबद्दलही कारखान्याचे उत्तर ‘कोणतेही कूलंट’ असे होते, आणि त्याच्याशी मी सहमत नाही. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नाही, तरी कूलंट दोन कारणांसाठी हवे: त्यातली गंजरोधक द्रव्ये बिड, अॅल्युमिनियम, तांबे आणि डाख हे सगळे धातू एकाच पाण्यात शांततेने नांदू देतात, आणि त्यातल्या ग्लायकॉल या मुख्य द्रवामुळे उकळण्याचा बिंदू थोडा वाढतो. पण ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. म्हणून निम्मे-निम्मे मिश्रण करण्याऐवजी एक भाग कूलंट आणि दोन भाग डिस्टिल्ड वॉटर हे प्रमाण आपल्या हवेला अधिक योग्य वाटते. तांब्या-पितळेच्या, शिशाच्या डाखाच्या रेडिएटरसाठी जुन्या पद्धतीचे, हिरवे, सिलिकेटयुक्त कूलंट घ्यावे. आधुनिक गाड्यांसाठीचे दीर्घायुषी सेंद्रिय आम्लांचे कूलंट जुन्या डाखाला आणि सीलना नेहमीच मानवत नाही. एवढे करून दर दोन वर्षांनी ते बदलावे, कारण गंजरोधक द्रव्ये संपतात आणि रंग मात्र तसाच ताजा दिसत राहतो.

कामाचा परिणाम काय झाला, हे शेवटी घाटच सांगतो. एप्रिलच्या दुपारी, चार माणसे आणि सामान घेऊन पसरणी घाट चढताना काटा थर्मोस्टॅटच्या ८२ अंशांवरून हळूहळू ९० च्या किंचित पुढे गेला आणि तेथेच स्थिर राहिला. पाचगणीच्या टेबल लँडच्या वळणावर गाडी उभी केल्यावर तो तीन-चार अंश वर चढला, कारण इंजिन बंद झाले की पाणी फिरणे थांबते आणि धातूत साठलेली उष्णता पाण्यात उतरते. हे स्वाभाविक आहे, त्याने घाबरून जाऊ नये. चढण संपल्यावर इंजिन लगेच बंद न करता एक-दोन मिनिटे रिकामे चालू ठेवावे, एवढी सवय मात्र लावून घ्यावी. खंबाटकीचा चढ आणि कात्रजचा जुना घाट यांनी तर आता काटा हलवलाही नाही.

या यशातला थोडा वाटा रेडिएटरचा नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. त्याच सुमारास मी डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट आणि इग्निशन टाइमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) नीट लावून घेतले होते. टाइमिंग मागे पडलेले असेल तर पेट्रोल उशिरा जळते, ताकद चाकाला मिळण्याऐवजी उष्णता एक्झॉस्टच्या मार्गाने हेडमध्ये उतरते, आणि मालक बिचारा रेडिएटरला दोष देत बसतो. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या आजच्या पेट्रोलवर जुन्या कार्बुरेटरचे मिश्रण पातळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, कारण इथेनॉलला जळण्यासाठी हवा कमी लागते आणि जेट, म्हणजे इंधन सोडणारी बारीक तोंडे, मात्र शुद्ध पेट्रोलच्या मापाचे असतात. मेन जेट एक पायरी मोठा घातल्यावर चढणीवरची धाप कमी झाली. फॅन बेल्टही मधोमध अंगठ्याने दाबल्यावर सव्वा-दीड सेंटीमीटर दबेल इतपत ताणून घेतला. याच पट्ट्यावर पंखा आणि पंप दोन्ही अवलंबून असतात.

विजेच्या पंख्याचा तयार संच मात्र मी मुद्दाम घेतला नाही. कारखान्यातच एका गिऱ्हाइकाच्या रेडिएटरवर तो बसवलेला होता. प्लास्टिकच्या बांधपट्ट्या जाळीतून आरपार ओवून पंखा आवळला होता, आणि पट्ट्यांनी घासून दोन नळ्यांना भोके पडल्यामुळेच तो रेडिएटर दुरुस्तीला आला होता. असा पंखा दहा-बारा अँपिअर ओढतो. डायनॅमोवर चालणाऱ्या जुन्या गाडीत, आयडलवर, म्हणजे नेमकी जेव्हा पंख्याची गरज असते तेव्हा, इतकी वीज तयारच होत नाही आणि बॅटरी उतरत जाते. अल्टरनेटर असेल आणि शहराच्या कोंडीतच गाडी चालवायची असेल, तर जाळीला न टोचता, स्वतंत्र पट्टीच्या चौकटीवर तो बसवून घ्यावा.

खर्चाचा विचार करता हे काम मला रास्त वाटले. तयार अॅल्युमिनियमच्या रेडिएटरला आणि त्याच्या फेरफारांना जो आकडा मला सांगण्यात आला होता, त्याच्या साधारण निम्म्यात नवी जाळी, डाख, चाचणी आणि जोडणी झाली. पावती हाताने लिहिलेली मिळाली, तीत जाळीचा आणि मजुरीचा वेगळा उल्लेख होता. गळतीची हमी त्यांनी तोंडीच दिली, ती पावतीवर लिहून घ्यावी लागली. कौशल्य आणि तपासणी या बाबतीत हा कारखाना मी निःशंकपणे सुचवेन. थर्मोस्टॅट, रंग आणि कूलंट यांबाबत मात्र गिऱ्हाइकाने स्वतःचा अभ्यास करूनच जावे.

जाणार असाल तर फक्त रेडिएटर काढून नेऊ नका, शक्यतो गाडीच न्या, म्हणजे गॅसची आणि जाळीच्या तापमानाची तपासणी होते. ते जमत नसेल तर रेडिएटरबरोबर त्याची कॅप, दोन्ही होज आणि पंख्याचे पत्र्याचे कडे घेऊन जा. कडे नव्या जाळीशी बसते का, हे टाकी डाखण्यापूर्वीच पाहून घ्यावे लागते, आणि खालच्या टाकीची ड्रेन कॉक चालू आहे ना, हेही तेथेच तपासून घ्या. माझी अडकलेली होती आणि ती नवी डाखायला मिस्त्रींनी वेगळे पैसे घेतले नाहीत.